पॅनेलचं भोक नळीच्या बरोबर मध्यावर कसं आणाल

घरी बांधलेल्या गाडीत अ‍ॅल्युमिनियमचं पॅनेल सांगाड्यावर ठेवलं की मागची लोखंडी नळी झाकली जाते. अंदाजाने पाडलेलं भोक मग नळीच्या कडेला जातं आणि रिव्हेट धरत नाही.

१. पत्रा (१ मि.मी. पुरतो) जागेवर क्लॅम्पने धरा आणि मागच्या बाजूने नळीच्या दोन्ही कडा बारीक मार्करने त्यावर उतरवा. सुईने ओरखडू नका, वाकवताना पत्रा नेमका तिथेच चिरतो.

२. पत्रा काढा, दोन रेषांच्या मध्ये तिसरी ओढा. तिच्यावर ५० ते ७५ मि.मी. अंतराने, पत्र्याच्या कडेपासून किमान १० मि.मी. आत, ३.२ मि.मी.ची भोकं पाडा. खाली लाकडी फळी हवीच.

३. पत्रा परत बसवा. आधी मधलं भोक ड्रिलने नळीत उतरवा, लगेच क्लेको पिन (भोकातून पत्रा तात्पुरता धरून ठेवणारी स्प्रिंगची पिन) लावा आणि मग एकेक करत टोकांकडे सरका. टोकांकडून आत आलात तर मधे फुगवटा येतो, आणि तो रिव्हेटने दबत नाही.

४. शेवटी ४.८ मि.मी. रिव्हेटसाठी भोकं ४.९ मि.मी.च्या ड्रिलने मोठी करा. पत्रा सोडवून बुरी (भोकाच्या कडेला उरलेली धारदार किनार) काढा. काम कंटाळवाणं आहे, पण बुरी राहिली की फट राहते आणि गाडी धावताना तिथेच खडखड होते.

ड्रिल चालवण्याआधी नळीमागे ब्रेकची पाइप किंवा वायर नाही ना, हे हाताने चाचपून बघा. रिव्हेट मारण्यापूर्वी नळीच्या उघड्या भोकांना प्रायमर लावा. ओलाव्यात लोखंडाला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियम लवकर खराब होतं.