डीएन३ फुगलं म्हणजे व्हीडीजे बिघडलंच असं नाही

व्हीडीजे जोडणी म्हणजे टी आणि बी या प्रतिकारपेशींच्या रिसेप्टरचं जनुक डीएनएचे तुकडे जोडून तयार होणं. त्यात रॅग१-रॅग२ ही प्रथिनं डीएनए कापतात, कू७०-कू८० टोकं धरतात, आर्टेमिस हेअरपिन (कापलेल्या टोकाची बंद घडी) उघडतं, एक्सआरसीसी४ आणि लायगेज ४ सांधतात. हे तुम्हाला पाठ असणारच. रंगीत बाणांचे आणखी चार रिव्ह्यू वाचून यापुढे काही हाती लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

खड्डा पुढे आहे, आणि मी त्यात बराच काळ रुतून होतो. डीएनए दुरुस्तीच्या एखाद्या प्रथिनाचा नॉकआउट (त्याचं जनुक काढून टाकलेला) उंदीर. थायमसच्या (टी पेशी घडतात त्या अवयवाच्या) फ्लो प्लॉटवर, म्हणजे पेशींचे प्रकार दाखवणाऱ्या आलेखावर, डीएन३ चा (रिसेप्टरची बीटा साखळी जुळवण्याच्या टप्प्यावरच्या कोवळ्या टी पेशींचा) टक्का फुगलेला, की आपण लगेच ठरवतो, व्हीडीजे जोडणी बिघडली! थांबा. पुढच्या टप्प्यातल्या पेशी मेल्या तरी मागच्यांचा टक्का वाढतोच. आधी एकूण पेशी मोजा. बीटा साखळी जमली की पेशी धडाधड विभागू लागतात. दुरुस्ती लंगडी असेल तर प्रतिकृती होतानाच डीएनए तुटतो, पी५३ (बिघडलेल्या पेशीला थांबवणारं किंवा मारणारं प्रथिन) जागं होतं आणि पेशी मरतात. म्हणजे जोडणी नीट झालेली असूनही चित्र जवळपास तेच.

यावर उपाय एकच: आधीच जुळवलेल्या रिसेप्टरचा ट्रान्सजीन (बाहेरून घातलेलं जनुक) त्या उंदरात आणा. पेशी परतल्या तर दोष जोडणीत, नाही परतल्या तर पेशी जगण्यात किंवा विभागण्यात. हा क्रॉस पहिल्या दिवसापासून लावा. ‘रिव्ह्यूअरने मागितला तर बघू’ म्हणणाऱ्या गाइडचं ऐकाल तर पुढे महिनोन् महिने पिंजऱ्यांकडे बघत बसाल.

लायगेज ४ चं उदाहरण तर घोकूनच ठेवा. ते नसलं तर उंदराचा गर्भ मरतो, चेतापेशी मरतात. पी५३ काढलं की गर्भ वाचतो, चेतापेशीही वाचतात. पण लिम्फोसाइट (टी आणि बी पेशी) तरीही बनत नाहीत, आणि त्या उंदरांना प्रो-बी लिम्फोमा (कोवळ्या बी पेशींचा कर्करोग) होतो. जगणं आणि जोडणी हे दोन प्रश्न इतके स्वच्छ वेगळे क्वचितच दिसतात.

नॉकआउटमध्ये काहीच दिसलं नाही तर खचू नका. एक्सएलएफ हे टोकं सांधायला मदत करणारं प्रथिन नसलेल्या उंदरात जोडणी जवळपास नीट होते, कारण एटीएम (डीएनए तुटल्याची खबर देणारं प्रथिन) त्याची बाजू सांभाळतं. दोन्ही काढली की गाडं अडतं. तुमचा कोरा निकाल कदाचित असाच जोडीदार लपवून बसला असेल.

जोडणी तपासायचा एक शॉर्टकट मात्र मला मान्य आहे: एबलसन विषाणूने रूपांतरित केलेल्या, म्हणजे सतत विभागत राहणाऱ्या, प्रो-बी पेशी. इमॅटिनिब (त्या विषाणूच्या प्रथिनाला रोखणारं औषध) दिलं की विभाजन थांबतं आणि रॅग सुरू होतं. बीसीएल२ (पेशीला मरण्यापासून वाचवणारं प्रथिन) असलेल्या पेशी घ्या, नाहीतर औषधानेच मरतील आणि तुम्ही दोष जनुकाला द्याल.