लेझरवर मराठी नावाची पाटी कापताना या चुका टाळा

दारावरची पाटी स्वतः डिझाइन करायची आणि लेझर कटिंगवाल्याकडून अ‍ॅक्रिलिकमध्ये कापून आणायची, ही हौस आता बऱ्याच जणांना असते. स्क्रीनवर ‘सावंत’ झकास दिसतं, पण हातात येतात ते सुटे तुकडे. दुकानदाराशी भांडण्याआधी आपली फाइल उघडून बघा. मशीनला अक्षर कळत नाही, रेघ कळते; फाइलमध्ये रेघ असेल तिथे ते कापणार.

शिरोरेषा जोडलेली दिसते, पण नसते

ही चूक सर्वांत जास्त होते, म्हणून जरा सविस्तर. देवनागरी फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे टोकाला एकमेकांवर किंचित चढतात. काळा रंग भरलेला असतो तोवर सांधा दिसत नाही. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त रेघा दाखवणारी सोय असते, इंकस्केपमध्ये आउटलाइन मोड आणि कोरलमध्ये वायरफ्रेम; ती लावा, की खरं चित्र समोर येतं: ‘सावंत’मध्ये स वेगळा, काना वेगळा, व वेगळा, त वेगळा, आणि प्रत्येक सांध्यावर दोन उभ्या रेघा. मशीन त्या इमानदारीने कापतं.

इंकस्केपमध्ये मजकूर निवडून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांच्या रेघा (पाथ) होतात, अनग्रुप करा, सगळे तुकडे निवडून ‘युनियन’ द्या. कोरलमध्ये हेच काम ‘वेल्ड’ करतं. पुन्हा आउटलाइन बघा. शब्दाभोवती एकच सलग रेघ आणि आतल्या पोकळ्या, एवढंच उरलं पाहिजे. एकदा पाथ झाला की स्पेलिंग बदलता येत नाही, तेव्हा टाइप केलेली मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवा.

पाथ करायचा कंटाळा केला तर दुसरी भानगड होते. तुमचा फाँट दुकानातल्या संगणकावर नसतो, तो दुसराच लागतो. किंवा ऑपरेटर जुन्या फाँटमध्ये नाव स्वतः टाइप करून मोकळा होतो. मग ‘कुऱ्हाडे’चं ‘कुर्हाडे’ होतं. तुम्ही टाइप करतानाही हे तपासा: इथे साधा र नव्हे, तर ऱ टाइप करून मग हलन्त आणि ह द्यायचा. इलस्ट्रेटर या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसत असेल तर फाँट बदलत बसू नका. प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात इंडिक पर्याय सुरू करा आणि परिच्छेदाला दक्षिण आशियाई कंपोझर लावा.

अनुस्वार कुठे गेला?

युनियन केलं तरी ‘सावंत’चा अनुस्वार हवेतच राहतो, कारण तो कशालाच चिकटलेला नाही. तो मशीनच्या जाळीतून खाली पडतो आणि कचऱ्यात जातो. एकतर अक्षरं मागच्या पाटीवर चिकटवा आणि टिंबाची जागा आधीच कोरून घ्या, नाहीतर टिंब शिरोरेषेला टेकेल इतकं खाली ओढून युनियनमध्ये घ्या. शुद्ध अक्षरवळणवाले नाक मुरडतील. मला टेकवलेलं टिंब हरवलेल्या टिंबापेक्षा बरं वाटतं. बारीक सांधेही बघा. ३ मिमी अ‍ॅक्रिलिकमध्ये कुठलीही दांडी ३ मिमीपेक्षा अरुंद नसावी, असा ढोबळ हिशोब ठेवला तर उकार तुटत नाहीत.

रांगोळीचा छापा करत असाल तर गणित उलटं. तिथे अक्षर कापून काढायचं असतं, त्यामुळे व, ब यांच्या पोटातला तुकडा तर गळतोच, पण प, म, स यांचा शिरोरेषेखालचा बंद भागही गळतो. प्रत्येकाला पूल, म्हणजे तुकडा धरून ठेवणारी न कापलेली बारीक पट्टी, ठेवावा लागतो.

आकार चुकला

३०० मिमीची पाटी २२५ मिमीची झाली असेल तर कारण जवळपास ठरलेलं आहे. एसव्हीजी प्रकारच्या फाइलीत इलस्ट्रेटर इंचाला ७२ एकक धरतो आणि इंकस्केप ९६. म्हणजे नेमकं पाऊणपट. इंकस्केपच्या ०.९२ आवृत्तीआधीच्या फाइलींत हाच आकडा ९० होता. डीएक्सएफ प्रकारच्या फाइलीत इंच-मिलिमीटरचा घोळ झाला तर फरक थेट २५.४ पट, तो निदान लगेच दिसतो. फाइलच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगात १०० मिमीची रेघ काढा आणि ‘ही रेघ मोजून बघा, कापू नका’ असं दुकानदाराला सांगा.

पाटीला स्टँड केला तर त्याची खाच सैल बसते ती केर्फमुळे, म्हणजे कापताना जळून जाणाऱ्या पट्टीमुळे. लेझर साधारण ०.१ ते ०.३ मिमी रुंदीचा माल जाळतो, म्हणजे खाच रुंदावते आणि तिच्यात बसणारी जीभ बारीक होते. शिवाय ३ मिमी म्हणून विकला जाणारा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) ३ मिमी असेलच असं नाही, व्हर्नियरने मोजा. २.७, २.८, २.९ आणि ३ मिमीच्या चार खाचा त्याच तुकड्यावर कापून बघितल्या की वाद मिटतो.

कडा एकाच ठिकाणी जास्त जळत असतील तर एकावर एक दोन रेघा आहेत; जादाची काढून टाका.

सनबोर्ड देऊ नका

स्वस्त पडतो म्हणून अनेक जण सनबोर्ड घेऊन जातात. तो पीव्हीसीचा फोम असेल तर लेझरखाली जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक आहे आणि मशीनचे लोखंडी भाग गंजवतो. चांगला दुकानदार हा माल हातातही घेत नाही. सनबोर्डचीच पाटी हवी असेल तर सीएनसी राउटरवर, म्हणजे फिरत्या पात्याने कापणाऱ्या मशीनवर, कापून घ्या. अ‍ॅक्रिलिक घेताना ‘कास्ट’ (साच्यात ओतून केलेलं) मागा, ‘एक्स्ट्रुडेड’ (दाबून काढलेलं) नको. त्यावर कोरलेलं अक्षर पांढरं उठून दिसतं, एक्स्ट्रुडेडवर ते फिकट राहतं.