म्हैस माजावर येते, आपण झोपलेले असतो

ऊन तापायला लागलं की गोठ्यागोठ्यांतून दोन तक्रारी ठरलेल्या. म्हैसवाला म्हणतो, दोन महिने झाले, माजावरच येत नाही. गाईवाला म्हणतो, माजावर वेळच्या वेळी येते, पण भरवली की २१ दिवसांनी उलटते. (माज म्हणजे मादी फळायला तयार असण्याचा काळ. भरवणं म्हणजे वळू लावून किंवा वीर्य सोडून, म्हणजे रेतन करून, फळवणं. उलटणं म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येणं.) दोघांचाही पुढचा प्रश्न एकच: कुठलं इंजेक्शन द्यायचं? इंजेक्शनाचं नंतर बघू. आधी बॅटरीत सेल घाला.

म्हशीचं आधी. काळी जाड कातडी, विरळ केस आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी. अंगातली उष्णता घालवायला तिला पाणी नाहीतर चिखलच लागतो. शिवाय ती मुळात लहान दिवसांत फळणारी. दिवस मोठा होत गेला की तिचं चक्र मंदावतं. काही म्हशींचं ते खरोखरच थांबतं. पण बऱ्याच जणींचं बीज दर २१ दिवसांच्या आसपास सुटत असतं, बाहेर मात्र ठळक काही दिसत नाही. हाच मुका माज. मुका असला तरी तो थोडं बोलतो, तेही रात्रीच्या गारव्याला.

म्हणून ऊन आहे तोवर रात्री १० वाजता एक फेरी आणि पहाटे ४ ते ५ च्या दरम्यान दुसरी. धार काढायच्या गडबडीत टाकलेली नजर यात धरू नका. जाताना आवाज करू नका, जनावरं उठवू नका, कारण आपल्याला जे बघायचं आहे ते बसलेल्या म्हशीच्या मागे असतं. गाईचा सोट, म्हणजे माजातला चिकट स्राव, काचेच्या तारेसारखा लोंबतो, शेपटीला चिकटतो, लांबूनही कळतो. म्हशीचा तसा लोंबत नाही. तो आत साठतो आणि ती बसली की पोटाच्या दाबाने जमिनीवर उतरतो. बॅटरीच्या उजेडात मागे तळहाताएवढा चकाकता डाग दिसला आणि दोन बोटांत धरून ताणल्यावर तार निघाली, की माज आहे. तीच म्हैस उठून त्यावर शेण टाकते, मग झाडलोट होते आणि सकाळी ८ वाजता गोठ्यात आलेला माणूस शपथेवर सांगतो की म्हैस माजावर आलीच नाही.

बाकीच्या खुणाही आहेत: थोडी थोडी लघवी करणं, निरणावर (योनीच्या बाहेरच्या भागावर) सूज, दूध चोरणं, सड तटतटणं, मधूनच रेकणं. गाईंमध्ये दुसरीने वर चढलं तरी शांत उभं राहणं ही पक्की खूण. म्हशींत तिची वाट बघत बसलात तर उन्हाळा संपेल.

माज दिसला की रेतन करणाऱ्याला लगेच फोन करायची घाई नको. गाईचा माज साधारण १२ ते १८ तास टिकतो आणि बीज सुटतं ते माज ओसरल्यावर आणखी १० ते १२ तासांनी. फार लवकर भरवलं तर बीज येईपर्यंत शुक्राणू दमलेले असतात. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी किंवा रात्री दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा जुना हिशेब अजूनही चांगला चालतो. म्हशीचा माज कधी कधी लांबतो. १२ तासांनंतरही सोट चालूच असेल तर पुन्हा एकदा भरवावी.

माजानंतर दोन-तीन दिवसांनी गाईच्या, विशेषतः कालवडीच्या, शेपटीला रक्ताचा ओघळ दिसला की घरात चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं गाभ राहिला नाही, कुणी म्हणतं राहिला. त्यावरून दोन्हींपैकी काहीच कळत नाही. माज येऊन गेला एवढंच कळतं. तुमचा तो माज बघायचा राहिला असेल तर तारीख लिहा आणि १८ दिवसांनंतर डोळ्यांत तेल घालून बसा. त्या रक्तावर रेतन मात्र करू नका.

आता उलटणारी गाय. तिच्यात बहुतेक वेळा फलन झालेलं असतं, पण उन्हाळ्यात तो गर्भ पहिल्या काही दिवसांतच मरतो. पहिले दोन-तीन दिवस त्याच्यासाठी सगळ्यांत नाजूक. पुढे त्याला उष्णता थोडी थोडी सोसते. गाईचं नेहमीचं तापमान ३८.५ अंश सेल्सिअसच्या आसपास. दुपारी ३ वाजता गुदद्वारात थर्मामीटर लावून बघा. पारा ३९ च्या पुढे जात असेल तर भारीतली रेतमात्रा (वीर्याचा डोस) आणून उपयोग नाही, आधी गोठा थंड करा. भरवण्याच्या आदल्या दिवसापासून पुढचा आठवडाभर तरी त्या गाईचे जास्त लाड करा. रेतन पहाटे किंवा ऊन उतरल्यावर गोठ्यातच करून घ्या. भर दुपारी चालवत नेली आणि आणली, तर कमावलेलं वाटेतच गेलं.

नुसता फवारा मारून गोठा थंड होत नाही. कोंदट जागेत फवाऱ्याने दमटपणा वाढतो आणि जनावर आणखी धापा टाकतं. अंग कातडीपर्यंत भिजवा, मग पंख्याचा वारा द्या. ते वाळलं की पुन्हा भिजवा. म्हशीला डुंबायला पाणी मिळत असेल तर दुसरं काही नको, नसेल तर दिवसातून तीन-चार वेळा तरी अंगावर पाणी घाला. पत्र्यावर पांढरा रंग मारा किंवा पालापाचोळा पसरा. पिण्याचं पाणी सावलीत ठेवा, दुभती गाय या दिवसांत सहज ८०-१०० लिटर पिते. वैरणीचा मोठा वाटा रात्री आणि पहाटे टाका, कारण चारा पचतानाही अंगात उष्णता तयार होते. हिरवा चारा आटला की अ जीवनसत्त्वही आटतं, तेव्हा थोडा का होईना मुरघास (मुरवून साठवलेला हिरवा चारा) ठेवा आणि क्षारमिश्रण रोज द्या.

रेतन करणाऱ्याकडेही जरा बघा. गोठवलेल्या वीर्याची कांडी ३५ ते ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरून वितळवायची असते. ती खिशात किंवा बगलेत ऊब देऊन वापरली जात असेल तर सरळ हटका.

स्वतःचा वळू किंवा रेडा वापरत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. अंडकोष शरीराबाहेर असतात ते काही अंशांनी थंड राहावेत म्हणून. शुक्राणू तयार व्हायला वळूत सुमारे दोन महिने लागतात, म्हणजे आज लागलेल्या उन्हाचा दोष पुढचे दोन महिने निघत राहतो. माणसातही हेच चक्र आहे, साधारण अडीच महिन्यांचं. भट्टीजवळचं काम किंवा मोठा ताप यांचा परिणाम पुरुषाच्या बीजावर काही काळ राहू शकतो. तरी पाळणा हलला नाही की तपासणीला आधी बाईलाच धाडतात. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाचा, एकट्याचा किंवा जोडीने, वाटा असतो. गोठ्यातही न्याय तोच: गाय बदलतात, वळू कुणी तपासत नाही.

आता इंजेक्शनाचं. आठ-दहा दिवस नव्हे, पुरे तीन आठवडे रात्रीची फेरी मारूनही काही दिसलं नाही, तर डॉक्टरांना बोलवून बीजाशय हाताने तपासून घ्या. बीजाशय खरंच थंड पडलं आहे की माज नुसता मुका आहे, हे त्यांच्या बोटांनाच कळेल, आणि औषध त्यावर ठरतं. न तपासता टोचलेलं संप्रेरक, गाभण निघालेल्या म्हशीत, गाभही पाडू शकतं. कुठल्याही कारणाने गाभडलेलं (गाभ पडलेलं) जनावर आणि त्याची वार (गर्भामागून पडणारी झार) उघड्या हाताने कधीच हाताळू नका. कारण ब्रुसेलोसिस हा गाभ पाडणारा जंतूंचा आजार असेल तर तो माणसाला लागतो, पुरुषांत अंडकोष सुजवतो. हातमोजे घाला, वार चुना टाकून खोल पुरा.

आणि २१ दिवसांनी उलटली नाही म्हणून वहीत ‘गाभण’ लिहायची घाई नको. जिचा माज तुम्हाला दिसतच नव्हता, तिचा उलटलेला माज तरी कसा दिसणार? दोन महिने झाले की हात घालून तपासून घ्या, सोनोग्राफीची सोय असेल तर महिन्याभरातच कळतं. तोवर त्या रकान्यात फक्त तारीख.