साइड स्टेप बसवताना बोल्ट अडला तर

पिकअपला साइड स्टेप, म्हणजे चढण्यासाठी दाराखाली असते ती पायरी, लावायला घेतलात की पहिली अडचण बहुधा चेसीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) खालच्या भोकांत येते. किनारपट्टीवरच्या गाड्यांत तर तिथे चिखल, गंज आणि अंडरकोटिंग (गाडीच्या तळाला दिलेला संरक्षक लेप) आट्यांत घट्ट बसलेलं असतं. म्हणून बोल्ट नेहमी आधी हाताने फिरवा. दोन-तीन आटे हाताने जात नसतील, तर पाना लावूच नका. वायर ब्रशने भोक साफ करा आणि त्याच मापाचा टॅप (भोकातले आटे पाडायचं हत्यार) तेल लावून फिरवा: अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. ८ मिमीच्या बोल्टला सहसा १.२५ मिमी पिच (दोन आट्यांमधलं अंतर) असतो, तरी जुना बोल्ट शेजारी धरून खात्री करा.

जुना बोल्ट निघत नसेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर थांबा. घाई इथेच महागात पडते, कारण आत वेल्ड केलेला नट सुटला की बोल्ट नुसता गरगर फिरतो आणि काम दुप्पट होतं. सहा कोनी सॉकेट वापरा, बारा कोनी सॉकेट बोल्टचं डोकं गोल करतो. आधी किंचित आवळा, करकर आवाज आला की मग सोडवा. ब्रेकचा किंवा डिझेलचा पाइप जवळ असेल तर गॅसची ज्योत अजिबात नको.

स्टेप धरणाऱ्या ब्रॅकेटचे सगळे बोल्ट सैलच ठेवा. स्टेप सरळ बसली की मगच आवळा.