गिसएडवर सिक्वेन्स टाकताय? आधी तारखेचा कॉलम बघा

गिसएड म्हणजे व्हायरसचे जीनोम जगभर शेअर करायचा ऑनलाइन डेटाबेस. नवीन मुलांना वाटतं फास्टा फाईल (सिक्वेन्स म्हणजे जीनोमची अक्षरं क्रमाने लिहिलेली फाईल) हातात आली की काम संपलं, पण खरी डोकेदुखी तिथून पुढे असते.

आधी फाईल नेक्स्टक्लेडमध्ये, म्हणजे सिक्वेन्स तपासायच्या वेब टूलमध्ये टाका. ब्राउझरमध्येच चालतं, सिक्वेन्स तुमच्या कॉम्प्युटरबाहेर जात नाही. कोविडचा जीनोम जवळपास ३०,००० अक्षरांचा, त्यात न वाचलेल्या जागी एन येतो, तर असे एन किती ते बघा, आणि फ्रेमशिफ्ट (अक्षर कमी-जास्त झाल्याने जीनचं पुढचं वाचन सरकणं) दाखवला तर लगेच नवीन म्युटेशन सापडलं म्हणून उड्या मारू नका!! नॅनोपोर सिक्वेन्सिंग मशीनवर एकच अक्षर ओळीने अनेकदा आलं की मोजणी चुकते, तेव्हा मूळ रीड्स (मशीनने वाचलेले तुकडे) उघडून खात्री करा, नाहीतर गिसएडचे क्युरेटर, म्हणजे डेटा तपासणारे, विचारणारच.

मग सिक्वेन्सचं नाव. देश, राज्याचा कोड आणि तुमचा लॅब नंबर, वर्ष. हॉस्पिटलचा पेशंट नंबर चुकूनही घालू नका. फास्टातलं नाव आणि सॅम्पलची माहिती भरायच्या एक्सेल शीटमधलं नाव तंतोतंत एकच हवं, एक स्पेस जास्त पडली तरी गाडी अडते.

आता तारीख. ३ एप्रिलचं सॅम्पल मी ०३/०४ असं टाईप केलं, एक्सेलने गुपचूप ४ मार्च करून टाकलं, आणि १२ तारखेनंतरची सॅम्पल्स मात्र बरोबर, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. म्हणून कॉलम आधी टेक्स्ट करा, मग वर्ष-महिना-दिवस लिहा. आणि तारीख स्वॅब घेतल्याची हवी, मशीनवर लावल्याची नाही. डेल्टा हे नाव मिळालं मे २०२१ मध्ये, पण डब्ल्यूएचओच्या यादीत त्याची सगळ्यात आधीची सॅम्पल्स भारतातली, ऑक्टोबर २०२० ची आहेत, हे कळलं ते या कॉलममुळेच ना.

ओरिजिनेटिंग लॅब म्हणजे जिथून सॅम्पल आलं ती, सबमिटिंग लॅब म्हणजे डेटा टाकणारी. दोन्हीकडे आपलंच नाव ठोकायची सवय वाईट. २००७ च्या सुमारास इंडोनेशियाने बर्ड फ्लूची सॅम्पल्स डब्ल्यूएचओला द्यायची थांबवली होती, व्हायरस आमचा, लस कंपन्यांची आणि ती आम्हालाच परवडत नाही, अशी तक्रार होती. २००८ मध्ये गिसएड आलं ते त्याच वादानंतर, म्हणून तिथे लॉगिन लागतं आणि डेटा वापरणाऱ्याला मूळ लॅबचं श्रेय द्यावं लागतं. जेनबँक या अमेरिकेच्या खुल्या डेटाबेसवर असं काही नाही, कुणीही उतरवून घ्या.

सगळं पास झालं की ईपीआय-आयएसएल नंबर, म्हणजे गिसएडने त्या सिक्वेन्सला दिलेला ओळख क्रमांक येतो, तो त्याच दिवशी रजिस्टरमध्ये सॅम्पल नंबरसमोर लिहा, मेलमध्ये शोधत बसाल नंतर.