स्वस्तातलं क्लोन पेडल घेताय? या चुका टाळा

एक ऑप-अ‍ॅम्प, दोन डायोड, दोन ट्रान्झिस्टर आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर. आयबानेझ कंपनीच्या ट्यूब स्क्रीमर या गाजलेल्या गिटार पेडलचा, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डबीचा, आवाज घडतो तो एवढ्याच ऐवजातून. त्याचं सर्किट सगळ्यांना माहीत आहे आणि सुटे भागही सहज मिळतात. त्यामुळे ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन (दोन्ही आवाज फाटका करणारी), बूस्ट (आवाज वाढवणारं) किंवा बिग मफ या पेडलच्या जातीचा फझ (आणखी दाट, खरबरीत फाटका आवाज) हवा असेल, तर स्वस्तातला क्लोन, म्हणजे ओरिजिनलच्या सर्किटची नक्कल, खुशाल घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र घेतल्यावर आठवड्याभरात ‘याच्यात ती मजा नाही’ म्हणून विकायला काढलेली क्लोन पेडल्स मी बरीच हाताळली आहेत. त्यातली बहुतेक अगदी ठणठणीत होती. चूक वापरण्यात होती.

पहिली चूक नॉबची. ओरिजिनलवर गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारा नॉब) बारा वाजता, म्हणजे सरळ वर, ठेवलेला म्हणून क्लोनवरही तिथेच ठेवायचा आणि मग आवाज जुळत नाही म्हणायचं. पॉटच्या (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरच्या) रेझिस्टन्समध्ये वीस टक्के इकडेतिकडे हे सर्रास चालतं, म्हणजे दोन ओरिजिनलसुद्धा एकाच खुणेवर सारखी वाजतीलच असं नाही. काही क्लोनमध्ये कानाला सावकाश वाढत जाणाऱ्या लॉग पॉटच्या जागी सरळ प्रमाणात वाढणारा लिनियर बसवलेला असतो. तेव्हा सगळा फरक नॉबच्या सुरुवातीच्या थोड्याशा फिरण्यात पडतो, पुढे नुसता नॉब फिरतो. म्हणून खुणा विसरा आणि कानाने लावा. त्याआधी एक काम नक्की करा. पेडल चालू आणि बंद असताना आवाजाची पातळी सारखी ठेवा, दोन्ही पेडल्सची. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच ‘जास्त चांगला’ वाटतो आणि तुलनेचा निकाल बहुतेक वेळा तिथेच चुकतो. मग पेडल दाबायला दुसऱ्या कुणाला सांगा आणि तुम्ही पाठ करून ऐका.

ट्यूब स्क्रीमरच्या क्लोनबद्दल सगळ्यात जास्त तक्रार येते ती ‘नाकात बोलल्यासारखं वाजतं’ अशी. ते तसंच वाजायला हवं! या सर्किटमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या सुरांना कमी गेन मिळतो आणि टोनचा भाग वरची धार कापतो, म्हणून मिड्स, म्हणजे मधले सूर, पुढे येतात. पूर्ण क्लीन अ‍ॅम्पवर, घरी हळू आवाजात, गेन टोकाला नेऊन वाजवलं तर ओरिजिनलही पातळच लागेल. अ‍ॅम्प आधीच थोडा फाटक्या आवाजात वाजत असू द्या, पेडलचा गेन खाली ठेवा आणि लेव्हल वर न्या. ड्रम आणि बेसच्या गर्दीत तेच नाकातलं वाजणं गिटारला वाट काढून देतं. या नाकातल्या आवाजावर उपाय म्हणून लोक जुनी ४५५८ ही ऑप-अ‍ॅम्प चिप शोधून बसवतात. माझ्या कानाला तो फरक नगण्य वाटतो. तो खर्च गिटारच्या नव्या तारांवर करा.

गुणगुण, शिट्टी आणि अचानक मेलेलं पेडल

आवाजात गुणगुण आली की आधी पॉवर तपासा. क्लोनमध्ये बॅटरीची सोय असेल तर बाकी सगळं काढून फक्त गिटार, पेडल आणि अ‍ॅम्प जोडा आणि बॅटरीवर वाजवून बघा. गुणगुण गेली तर पेडल निर्दोष आहे, दोष अ‍ॅडाप्टरचा किंवा एकाच अ‍ॅडाप्टरवरून पाच पेडल्सना नेलेल्या वायरीचा. त्या साखळीत एखादं डिजिटल पेडल असेल तर बारीक शिट्टीही येते. आयसोलेटेड पॉवर सप्लाय (प्रत्येक पेडलला वेगळी पॉवर देणारा) एकदाच घ्यावा लागतो आणि तो दहा क्लोनना पुरून उरतो.

बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट आणि मधली पिन निगेटिव्ह लागते. चुकून उलटा अ‍ॅडाप्टर लावला आणि पेडल गप्प झालं तर ते लगेच फेकू नका. पुष्कळ सर्किटमध्ये पॉवर जॅकजवळ एक संरक्षक डायोड असतो. तो स्वतः शॉर्ट होतो आणि बाकीचं वाचवतो. तो बदलला की बरीच पेडल्स पुन्हा जिवंत होतात. क्लॉन नावाच्या कंपनीच्या सेंटॉर या ओव्हरड्राइव्हसारख्या पेडलला मात्र १८ व्होल्ट देऊ नका. आतली चार्ज पंप चिप ९ व्होल्टपासूनच वरचा व्होल्टेज तयार करते, बाहेरून दुप्पट दिलात तर ती जळते.

जिथे क्लोन घेताना थांबावं

जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असलेल्या फझची गोष्ट वेगळी आहे. १९६६च्या फझ फेस या पेडलचा आवाज ट्रान्झिस्टर निवडण्यावर अवलंबून होता. जर्मेनियम तापमानाप्रमाणे बदलतं, विजेची गळती कमीजास्त होते आणि एकेक नग मोजून जुळवावा लागतो. ती मेहनत स्वस्तातल्या वस्तूत कुणी घेत नाही. सिलिकॉनचा क्लोन घ्या, तोही सुंदर वाजतो, फक्त त्याच्याकडून जर्मेनियमची अपेक्षा ठेवू नका. कुठलाही फझ फेस गिटारच्या लगेच पुढे जोडा. आधी बफर (सिग्नल मजबूत करून पुढे देणारं सर्किट) आला की तो कर्कश होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून आवाज साफ करण्याची त्याची खुबी निघून जाते. जुन्या धाटणीचा पॉझिटिव्ह ग्राउंडचा (पॉवरची पॉझिटिव्ह बाजू ग्राउंडला जोडलेला) फझ बाकीच्या पेडल्सच्या साखळीत कधीच लावू नका, सप्लाय शॉर्ट होतो.

डिलेमध्येही, म्हणजे प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलमध्येही, नाव बघून फसू नका. ‘अ‍ॅनालॉग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक स्वस्त डिलेमध्ये पीटी२३९९ ही डिजिटल चिप असते. आवाज उबदार असतो, मलाही आवडतो, पण डिले टाइम लांबवला की प्रत्येक प्रतिध्वनीवर खरखर चढते. बॉस कंपनीच्या डीएम-२ या डिलेमधल्या बकेट ब्रिगेड चिपचं (ती सिग्नल डिजिटल न करता टप्प्याटप्प्याने पुढे ढकलते) मंद, धूसर होत जाणं हवं असेल तर त्याच चिपचं पेडल शोधा.

खरी काटकसर झालेली असते ती मात्र लोखंडात: जॅक, स्विच, सोल्डर. माझ्याकडचा एक छोटा क्लोन वाजवता वाजवता मध्येच बंद पडायचा आणि पायाचा धक्का लागला की पुन्हा बोलायचा. मागचे चार स्क्रू काढले. जॅक बॉक्सला नटने आवळलेला नव्हता, थेट पीसीबीवर (सर्किटच्या पाटीवर) सोल्डर केलेला होता, म्हणजे केबलचा प्रत्येक हिसका त्या सोल्डरवर येत होता. भिंगातून पाहिलं तर जॅकच्या एका पायाभोवती केसाएवढी बारीक गोल भेग. जुनं सोल्डर काढून नवं भरलं, दहा मिनिटांचं काम. ते पेडल अजून माझ्या बोर्डवर आहे.

म्हणून विकत घेताना पेडल चालू ठेवून दोन्ही जॅक हलक्या हाताने हलवून बघा, प्रत्येक नॉब पूर्ण फिरवा आणि स्विच वीस वेळा दाबा. पहिल्या दोन-चार वेळा ‘टप्प’ आवाज येऊन नंतर कमी झाला तर काळजी नको, तो साठलेला चार्ज असतो. तसाच येत राहिला तर दुसरा नग मागा.