डाउनलोड अडकलं? या चुका टाळा

‘नेट स्लो आहे’ हे निदान आपण फार लवकर करतो. सहा जीबीच्या घरातली उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमची आयएसओ फाइल (अख्खी इन्स्टॉल डिस्क एकाच फाइलमध्ये) मध्येच बंद पडली की आधी राउटर बंद-चालू, मग डाउनलोडचं बटण पुन्हा. त्याआधी जेवढी फाइल उतरली आहे तिचा आकार बघा.

ती दरवेळी ४ जीबीपाशीच अडकते का? मग नेट बिचारं निर्दोष आहे. फाइल थेट पेनड्राइव्हवर उतरवत असाल आणि तो फॅट३२ फॉरमॅटचा असेल, तर त्यावर एक फाइल जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइटची मावते, बाकी ड्राइव्ह रिकामा असला तरी. फाइल आधी कॉम्प्युटरच्या डिस्कवर उतरवा किंवा पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. त्यावरचं सगळं पुसलं जाईल, तेवढं लक्षात ठेवा.

उलट प्रकारही असतो. डाउनलोड दोन सेकंदांत ‘पूर्ण’, नाव आयएसओचं, आकार जेमतेम बारा-पंधरा केबी. ती नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्याच ओळीत एचटीएमएल दिसलं, तर तुम्ही सॉफ्टवेअर नव्हे, वेबपेज उतरवलंय. हॉस्टेलच्या किंवा हॉटेलच्या वायफायचं लॉगिन संपलेलं असतं आणि लिंक साध्या एचटीटीपीची (https नव्हे, http ने सुरू होणारी) असली की फाइलच्या जागी लॉगिनचं पान हातात पडतं. ब्राउझरमध्ये लॉगिन करा, मग पुन्हा उतरवा.

अर्धी फाइल पुढे चालू करणं चांगलंच, पण सर्व्हरची त्याला तयारी हवी. तो २०६ हा कोड देत असेल तर उरलेला भाग मिळतो, २०० दिला तर पहिल्यापासून सुरुवात. इथली खरी फसगत ‘लेटेस्ट’ नावाच्या लिंकची. रात्री अर्धी उतरवलेली फाइल सर्व्हरवर सकाळपर्यंत बदललेली असू शकते, आणि डब्ल्यूगेट हा डाउनलोडचा प्रोग्राम ‘-सी’ (अर्धवट फाइल पुढे चालू कर) लावून चालवला की ते जुन्या अर्ध्याला नवं अर्धं बिनतक्रार जोडून टाकतं. आवृत्तीचा आकडा असलेलीच लिंक घ्या.

४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, आलं तर रिफ्रेश करत बसू नका. जुन्या आवृत्त्या मुख्य सर्व्हरवरून हलवतात, डेबियन (उबुंटूसारखीच ऑपरेटिंग सिस्टिम) आणि उबुंटूचे त्यासाठी वेगळे सर्व्हर आहेत. एफटीपी या फाइल पाठवायच्या जुन्या पद्धतीची लिंक क्रोम-फायरफॉक्समध्ये उघडणार नाही, दोघांनीही २०२१ मध्ये ती सोय काढून टाकली. त्यासाठीचा फाइलझिला हा प्रोग्राम वापरा आणि ट्रान्सफर बायनरी मोडमध्ये (फाइल जशीच्या तशी) ठेवा. आस्की, म्हणजे मजकुराच्या, मोडमध्ये ओळींच्या शेवटची चिन्हं बदलली जाऊन फाइल बिघडते.

सर्टिफिकेटचा (साइट खरी असल्याच्या दाखल्याचा) इशारा आला की ‘तरीही पुढे जा’ दाबणारे पुष्कळ. सर्टिफिकेटची मुदत कॉम्प्युटरच्या तारखेवरून तपासली जाते, म्हणून आधी ती तारीख बघा, सेल उतरलेल्या जुन्या मशीनवर ती हमखास चुकलेली असते. अँटिव्हायरस बंद करून बघण्याचा सल्ला तर मुळीच ऐकू नका.

इन्स्टॉल करण्याआधी एसएचए-२५६ चं ६४ अक्षरी चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा ओळख-आकडा, ताडून पाहा. विंडोजमध्ये सर्टयूटिल ही कमांड त्यासाठी आधीपासूनच असतं. ताडायचा आकडा मिररवरून (त्याच फाइलींची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवरून) नव्हे, मूळ प्रकल्पाच्या साइटवरून घ्या. जुळला नाही तर ती फाइल दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. ती उडवा आणि दुसऱ्या मिररवरून नव्याने उतरवा.